नऊ म्हणजे नापास

सर्व्हिसवाला : पण सर, नऊ का दिलेत? एवढे दिलेत, तर तो एक कशाला मागे ठेवलात?

सर : अरे, खूश होऊन दिले! मागच्या खेपेला दाराची काच दुरुस्त केलीस, गाडी वेळेवर दिलीस, वर पुसूनही दिलीस. कंपनीतून फोन आला, तुमच्या सर्व्हिसवाल्याला दहापैकी किती? म्हटलं, नऊ. सबंध नोकरीत गणिताच्या पेपरात असे मार्क मी फार कोणाला दिले नाहीत.

सर्व्हिसवाला : त्या नऊपायी मीटिंगमध्ये माझा फोटो पडद्यावर लावला होता. लाल चौकटीत.

काकू : अगं बाई! चोरासारखा?

सर्व्हिसवाला : चोराला निदान तोंड झाकू देतात, काकू. कंपनीच्या लेखी नऊ म्हणजे नापास.

सर : मग पास व्हायला किती लागतात?

सर्व्हिसवाला : दहा.

सर : आणि पहिला नंबर यायला?

सर्व्हिसवाला : दहाच.

सर : हा पेपर काढला कोणी? त्याला जरा माझ्यासमोर उभा कर.

सर्व्हिसवाला : तो हेड ऑफिसात असतो, सर. तिथे आम्हालाच कोणी उभं करत नाही. विषय एवढाच आहे, की आज गाडी तुमच्या ताब्यात दिली की तुम्हाला पुन्हा फोन येणार. आणि आज दहा नाही आले, तर मला घरी बसवणार. साहेबांनी सकाळीच सांगितलंय. बायकोला कळवलं, तर म्हणते, बसा खुशाल, पण सासूबाईंसमोर बसायचं की माझ्यासमोर, ते ठरवून या.

सर : थोडक्यात, तू मार्क मागतोयस.

सर्व्हिसवाला : मागत नाही, सर. पाया पडतोय.

काकू : काही उपयोग नाही, बाळा. पोरांचे बाप घरी येऊन पाया पडायचे. हे त्या बापालाच समोर बसवून गणित घालायचे.

सर : पूर्ण मार्क दिले की माणूस तिथेच थांबतो. एक हातचा राखावा. सुधारायला जागा राहते.

काकू : ऐकलंस? माझ्या जेवणालाही साडेआठ. लग्न झाल्यापासून सुधारायला जागा ठेवलीय. आता त्या जागेत एक बंगला उठेल.

सर : परवा पावणेनऊ म्हटलं होतं.

काकू : ताप होता तुम्हाला. एकदाच काय ते यांनी पूर्ण मार्क दिलेत. बोर्डाच्या पेपरात एक प्रश्नच चुकीचा छापून आला होता. वरून हुकूम आला, त्या प्रश्नाचे सगळ्यांना पूर्ण द्या. तेव्हा दोन दिवस घरात कोणाशी धड बोलले नव्हते.

सर : नियम तो नियम. प्रश्न चुकला तर पोरांनी का भोगायचं? माझा राग प्रश्न काढणाऱ्यावर होता. ते राहू दे. गाडीचा आवाज गेला का, ते सांग.

सर्व्हिसवाला : गेला, सर! शंभर टक्के!

सर : बघ हं. तुमचा पहिला इंजिनिअर म्हणाला होता, आवाजच येत नाही. दुसरा म्हणाला, येतो, पण ते या मॉडेलचं वैशिष्ट्य आहे.

काकू : म्हणून मी हेल्पलाइनला फोन लावला. तिथली मुलगी म्हणे, आवाज कसा येतो ते सांगा. म्हटलं, सांगते कशाला, काढूनच दाखवते. ओट्याशी उभी राहून, खडखड टक्, खडखड टक्! शेजारीण धावत आली, म्हणाली, काय होतंय हो यांना? आणि फोनवरची विचारते, मी तुमची आणखी काय सेवा करू शकते?

सर : तर या वैशिष्ट्याचं कारण काय निघालं?

सर्व्हिसवाला : ॲक्च्युअली सर... बुश होता. चाकाजवळ रबराचा बुश असतो, तो गेला होता. नवीन टाकला.

सर : जुना दाखव.

सर्व्हिसवाला : भंगारात गेला, सर.

सर : कुठल्या चाकाचा?

सर्व्हिसवाला : मागच्या. डाव्या. म्हणजे... डाव्याच.

काकू : पण आवाज तर पुढच्या दारातून यायचा. मी रोज दाराला कान लावून बसत होते. कानाला चट्टा पडला माझ्या.

सर्व्हिसवाला : आवाज गाडीत फिरतो, काकू.

सर : मधल्या पायऱ्या गाळून उत्तर लिहितोयस. कोणाचं बघून लिहिलंस?

सर्व्हिसवाला : साहेबांचं. ते म्हणाले, बुश सांग, बुश कोणाला कळत नाही.

सर : आणि खरं उत्तर?

सर्व्हिसवाला : हे घ्या. हे खरं उत्तर.

काकू : स्क्रूड्रायव्हर?

सर्व्हिसवाला : काच दुरुस्त करायला मेकॅनिकने दार उघडलं होतं ना, तेव्हा आतच राहिला. साहेब म्हणाले, फेकून दे आणि गप्प बस. मला काही फेकवला नाही. सकाळपासून खिशात घालून फिरतोय. खाली बसलं की टोचतो, उभं राहिलं की तुमची आठवण येते.

काकू : म्हणजे यांनी नऊ दिले, तेव्हा...

सर्व्हिसवाला : तेव्हा हा दारातच होता.

सर : म्हणजे ते नऊसुद्धा जास्तच झाले.

सर्व्हिसवाला : हो, सर. आता मी काही बोलत नाही. तुम्हाला योग्य वाटेल ते द्या.

काकू : अहो, नोकरी जाईल त्याची!

सर : हत्यार दारात विसरायचं, आणि वर बुश म्हणून गळ्यात मारायचं. याचे किती होतात, तूच सांग.

काकू : विसरला मेकॅनिक. गळ्यात मारायला सांगितलं साहेबाने. याने फक्त खिशात ठेवला, आणि विचारल्यावर काढून दिला.

(सरांचा फोन वाजतो.)

सर्व्हिसवाला : हाच नंबर, सर. हाच तो.

सर : हॅलो. हो, मीच... हो, गाडी मिळाली. आवाजही गेला म्हणतात... दहापैकी? थांबा. मार्क नेमके कशाला द्यायचेत?... एकूण अनुभवाला? म्हणजे इथल्या कोमट कॉफीला, आवाजाला वैशिष्ट्य म्हणणाऱ्या इंजिनिअरला, तुमच्या हेल्पलाइनला आणि माझ्यासमोर घाम पुसत उभ्या असलेल्या या पोराला, सगळ्यांना मिळून एकच आकडा?... बरं. आणि तो आकडा लागणार कोणाला?... एकट्या याला?

काकू : भुवया वर गेल्या. आता काही खरं नाही.

सर्व्हिसवाला : काकू, मी बाहेर जाऊन उभा राहू?

काकू : थांब मुकाट्याने. निकाल ऐकून जा.

सर : बाई, तुमचा प्रश्नच चुकीचा आहे... नाही, पुन्हा वाचून दाखवू नका, ऐकू येतं मला. उत्तरं चार जणांची आणि नापास एकटा हा? असा प्रश्न मी साध्या चाचणीतही घालू दिला नसता. चुकीच्या प्रश्नाला काय करतात, ठाऊक आहे?... पूर्ण मार्क देतात. नियम आहे तसा... हो, दहा. आकड्यात दहा, अक्षरी दहा... आणखी सेवा? प्रश्न दुरुस्त करा, तीच सेवा. ठेवतो.

सर्व्हिसवाला : सर...

सर : डोळे पूस. तुला दिले नाहीत, प्रश्नाला दिलेत. तुझे वेगळे.

सर्व्हिसवाला : माझे किती, सर?

सर : सहा. बुशाचे कापले, खिशातल्याचे दिले.

काकू : सहा म्हणजे पास रे, आमच्याकडे.

सर्व्हिसवाला : सहा मिळून इतकं बरं मला आयुष्यात वाटलं नव्हतं, काकू.

सर : आणि हा स्क्रूड्रायव्हर त्याच्या मालकाला नेऊन दे. शोधून शोधून दमला असेल. चल गं, बस गाडीत. पट्टा लाव.

काकू : लावला. हळू काढा, त्याने गेट धरून ठेवलंय. हात हलवतोय बघा अजून.

सर : तू ऐक नीट. काही येतंय का?

काकू : नाही.

सर : आता? हा खड्डा मुद्दाम घेतला.

काकू : कळलं ते माझ्या कमरेला. पण आवाज नाही.

सर : झालं तर मग.

काकू : हो. झालं.

सर : मग चेहरा का उतरला तुझा?

काकू : काही नाही. आवाज शोधायला म्हणून इतके दिवस रोज संध्याकाळी गाडी काढत होतात. तळ्याकडच्या रस्त्याने, तिथले खड्डे चांगले म्हणून. त्याआधी आपली गाडी निघायची ती दवाखान्याला, नाहीतर कोणाच्या मयताला. मला आवडायला लागलं होतं.

सर : दाराला कान लावून बसणं?

काकू : तुमच्याबरोबर बाहेर पडणं. एकदा मलाही फोन करून विचारा म्हणावं, नवऱ्याचा एकूण अनुभव कसा आहे.

सर : किती देशील?

काकू : नऊ.

सर : एक कुठे कापलास?

काकू : कापला नाही, हातचा राखलाय. आज संध्याकाळी काय करता, ते बघून देईन.

सर : करायचं काय त्यात? तळ्याकडे जायचं. आवाज खरंच गेला का, याची खात्री नको करायला?

काकू : आणि उद्या?

सर : एका दिवसात कुठे होते खात्री?