कापसात ठेवलेली सीडी

निर्मला मॅडमचं नाव पयले घेतो, मंग बाकीचं सांगतो, कारण त्या नसत्या तर मी आज तुमच्यासमोर असा खुर्चीत बसून बोलत नसतो, ढाणकीकडं कोणाच्या तरी वावरात तूर कापत असतो. ते काम वाईट नाही म्हणा, पण माह्या हातून ते होत नव्हतं. घाटंजीले बाजाराच्या रस्त्यावर कम्प्युटरचा क्लास होता, तिथं मॅडम शिकवत. बोलता बोलता चष्मा कपाळावर चढवायच्या अन् मंग टेबलभर चष्मा शोधायच्या, असं त्यांचं. माह्यासारख्या सातवीतून शाळा सोडलेल्या माणसाले क्लासच्या पायरीवर कोण उभं करते? त्यांनी आत बोलावून बसवलं.

आमचं गाव ढाणकीच्या पलीकडं. माय-बाप दोघंही मजुरीले. आम्ही बौद्ध माणसं, घरात जो तो शिक, शिक म्हणणारा, मोठी बहीण तर कंदिलापाशी बसून बारावी झाली, अन् शाळा सोडली कोणी तर मी. गणित अन् इंग्रजी, दोघंही माह्याशी बोलत नव्हते. मंग मामाच्या ओळखीनं घाटंजीले वसंतभाऊच्या दुकानात लागलो, लग्नाच्या शूटिंगचं दुकान. उमरखेड, पुसद, यवतमाळ, गाड्या बदलत गेलतो, पुसदच्या स्टँडवरच मले वाटलं का आपण देशाबाहेर चाललो. आता हसू येते. तवा वीस-एकवीसचा होतो तरी डोळे पुसत होतो, अन् बाजूची बाई म्हणे, काय झालं रे बाबू, पाकीट मारलं का कोणी?

पयले मी लग्नात लाइट धरायचो. मंग वसंतभाऊनं कम्प्युटरवर बसवलं. काम असं, का कॅमेऱ्याच्या कॅसेटमधलं लग्न कम्प्युटरात घ्यायचं, त्याले गाणी लावायची, गुलाबाची फुलं उडवायची, अन् डीव्हीडीवर उतरवायचं. होती ती डीव्हीडी, पण सारे सीडीच म्हणत, मीही तेच म्हणतो. सीडी घरी दिली का कॅसेट पुसायची, कम्प्युटरातलंही काढायचं, कारण पुढचं लग्न दारात उभं. म्हंजे एकदा सीडी दिली का आमच्यापाशी काहीच नाही. हे ध्यानात ठेवा.

अन् त्या वर्षांत कापसाले भाव नव्हता. आज येईल, उद्या येईल म्हणत लोकांनी कापूस घरात भरून ठेवलेला, झोपायच्या खोलीत कापूस, देवघरात कापूस, पाहुणा आला तर त्याले कापसावरच बसवत. वसंतभाऊचीही शेती होती. दुकानाच्या मागच्या खोलीत छताले टेकलेली कापसाची गंजी, अन् त्या गंजीपुढंच माहं टेबल. मी कापसाले पाठ टेकून लोकायची लग्नं जोडायचो. दिवसभर पाठ खाजवे, पण थंडीत अशी मजा का काय सांगू तुम्हाले.

एक दिवस कौसामावशी आली. जवळच्याच गावची, शेती असलेलं घर, तिच्या पोरीचं लग्न आम्हीच काढलं होतं. त्यांच्या घरचा रिवाज असा, का मंगलाष्टकं चालू असतात तवा नवरीच्या मायनं मांडवात थांबायचं नाही. तिनं घरात तुळशीपाशी पाणी घालत बसायचं. साऱ्या गावानं लग्न पाहिलं, मावशीनं नाही पाहिलं. घरी पाहायची मशीन नव्हती, म्हून ती सीडी घेऊन आमच्याकडं आली, नवी साडी नेसून, जशी लग्नालेच आली. म्हणे, प्रल्हाद, लाव रे बापा, माही पोरगी पाहू दे.

लावली. आतून घर्रर्र आवाज आला, दिवा लुकलुकला, थांबला. परत घर्रर्र. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. मी काढली, सदऱ्यानं पुसली, परत लावली. उलशी, म्हंजे जराशीच, हळद दिसली, मंग नवरीच्या तोंडावर चौकोन चौकोन, वाजंत्री एकाच जागी अडकली, बंद. कम्प्युटर बंद करून चालू केला, तेच. मावशी खुर्चीच्या टोकावर बसून, म्हणे, अजून नवरी निघालीच नाही का घरातून?

तेवढ्यात वसंतभाऊ आला. सीडी उलटीपालटी केली अन् साऱ्यांसमोर म्हणे, काय बे, कोरी सीडी दिली का मावशीले? मी म्हटलं, भाऊ, देतेवेळी लावून पाहिली होती. म्हणे, मंग आता काहून नाही चालत? कॅसेट तर पुसली. मावशीले म्हणे, बाजाराच्या दिवशी या, दाखवतोच. ती गेल्यावर मले म्हणे, बाजारापर्यंत हे लग्न दिसलं तर ठीक, नाही तर तू ढाणकीची वाट धर, माह्या धंद्याचं नाव जाते. तो काही वाईट माणूस नव्हता. पण मले घरी कोणत्या तोंडानं जायचं होतं? बाप गावात सांगत फिरे, पोरगा कम्प्युटरवर हाय.

त्या इंग्रजी ओळी मी पेनानं तळहातावर उतरवल्या, अक्षराची जशी चित्रं दिसली तशी, अन् मावशीची सीडी घेऊन धावत क्लासले गेलो. पोहोचेपर्यंत घामानं अर्धं पुसलं. मॅडमनं हात धरून उजेडाकडं केला, म्हणे, ही भाषा इंग्रजी नाही, पण समजली मले. तुझी मशीन म्हणते, वाचता येत नाही. मी म्हटलं, मले पण येत नाही वो मॅडम. क्लासातल्या पोट्ट्या हसल्या साऱ्या. मॅडम म्हणे, हसू नका, तो विचारायले तरी आला. मंग मले म्हणे, प्रल्हाद, आजारी कोण, सीडी का ड्राइव्ह, हे पयले ठरव. तुमच्या दुकानातली चांगली चालणारी सीडी तुमच्याच ड्राइव्हमध्ये लाव. अन् मावशीची सीडी मी इथं लावते. एका वेळी एकच बदलायचं, दोन्ही बदललं तर काहीच कळणार नाही.

दुकानात येऊन गाण्यांची एक सीडी लावली, मागच्या महिन्यात ती मस्त चालली होती. घर्रर्र, घर्रर्र, तेच. मले वाटलं चला, ड्राइव्हच आजारी, सीडी सुटली. आनंदात परत गेलो, तर मॅडमच्या इथं मावशीची सीडी हळदीपर्यंत नीट चालली अन् आंतरपाट धरला तिथं अडकून बसली. म्हणजे दोन्ही आजारी. मी तिथंच खाली बसलो. मॅडम म्हणे, उठ, रडतो काहून? दोन रोग कळले, हे चांगलंच झालं.

क्लास सुटल्यावर त्या दुकानात आल्या. मागच्या खोलीत पाय ठेवला अन् कपाळावरचा चष्मा डोळ्यावर ओढला. म्हणे, वसंतभाऊ, कम्प्युटरले गादी भरून देऊन राह्यले काय? वसंतभाऊ ओशाळला, म्हणे, भाव येऊ द्या मॅडम, खाली करतो. मॅडमनं वायर काढायले लावली, पिन सरळ करून समोरच्या बारक्या भोकात घातली अन् ड्राइव्हचा कप्पा बाहेर ओढला, स्क्रू काढून झाकणही उघडलं. आत ते उलसं भिंग, हरभऱ्याएवढं, अन् त्याच्यावर कापसाची अशी लव का म्हाताऱ्याची दाढी. मी दिवसभर पाठ झटकायचो, ती कुठी जात होती ते तवा समजलं. कॅमेरा साफ करायची रबराची फुंकणी दुकानातच पडलेली, त्या फुंकणीनं लव उडवली, मंग काडीच्या टोकाले उलसं स्पिरिट लावून मॅडमनं भिंगाले असं शिवलं, जसं झोपलेल्या लेकराच्या गालाले. गाण्यांची सीडी लावली. वाजली.

राहिली मावशीची. तिच्यावर गोल गोल ओरखडे होते, चक्कीच्या पाट्यासारखे. कोणी केले? मावशीनंच. ते बाजाराच्या दिवशी तिच्याच तोंडून कळलं, पण आता सांगून टाकतो. घरात सर्वात मऊ जागा कोणती, तर कापसाची गंजी. तिनं सीडी डब्बीतून काढली, डब्बी कडक म्हून, अन् आपण काचेच्या बांगड्या जपतो तशी कापसात खोल पुरून ठेवली. रोज काढायची, कापसानंच गोल गोल पुसायची, परत ठेवायची. अन् घरचा कापूस म्हंजे काय नुसता मऊ असते? त्यात सरकी, त्यात सुकलेला पाला, माती. जेवढी जपली तेवढी खरडली. आता तिले कोण रागावणार?

दुसऱ्या दिवशी क्लासात मॅडमनं सीडी कडेनं धरून साबणाच्या थेंबानं धुतली, धोतराच्या जुन्या मऊ फडक्यानं पुसली, मधून बाहेर, सरळ, गोल नाही. म्हणे, ही आतून बाहेर वाचली जाते, गोल ओरखडा वाचायच्या वाटेवरच पडते, म्हून तो जास्त वाईट. तरी अडकली. मंग सर्वात शेवटी दात घासायची पांढरी पेस्ट बोटाच्या टोकानं, तेही मधून बाहेर. मले वाटलं आता सीडी गेली. धुतली, क्लासच्या नव्या ड्राइव्हमध्ये लावली, वेग एकदम कमी करून कम्प्युटरात उतरवायले ठेवली. दुपारभर पडद्यावरची पट्टी मुंगीसारखी सरकून राह्यली. आंतरपाटापाशी थांबली. मी देव मानत नाही, पण त्या दिवशी कोणाकोणाले हात जोडले, सांगत नाही. मॅडम म्हणे, हात लावू नको, ती वाचून राह्यली, आपण वाचतो तवा अवघड शब्दापाशी थांबतोच ना? अन् सरकली हो! सरकली!

बाजाराच्या दिवशी मावशी आली, त्यावरून काढलेली नवी सीडी लावली. हळद झाली, नवरी निघाली. दोन जागी चौकोन आले अन् गेले. मंगलाष्टकं सुरू झाली तसा मावशीनं पदर तोंडाले लावला. पयले म्हणे, जावयाचा फेटा वाकडा, कोणी सांगितलं कसं नाही मेल्याले! नवरी आंतरपाटाच्या अलीकडं उभी, अन् नवरदेवाकडं पाहत नव्हती, मान वळवून एकीकडंच पाहत होती. मी ते लग्न जोडतेवेळी कितीदा पाहिलं असेल, मले वाटे पोरगी कॅमेऱ्याले लाजते. मावशी म्हणे, तिकडं आमच्या घराचं दार हाय. मी आतच होती ना बापा. मंग म्हणे, परत लाव. मी परत लावली. परत लावली.

वसंतभाऊ दारात उभा होता. तो बाहेरून चहा घेऊन आला, अन् दुसऱ्या दिवशी माहं टेबल उचलून समोरच्या खोलीत ठेवलं. कापूस मात्र तिथंच राह्यला.

आता मी इकडं चाकणले, कारखान्यांत कॅमेरे बसवतो, घरापासून अजूनच लांब आलो. नव्या कम्प्युटरात ड्राइव्हच नसते. पण काही बिघडलं का मी अजूनही एका वेळी एकच बदलतो, अन् पोरं चिडतात, का दादा किती वेळ लावता. मॅडम आता त्यांच्या गावी, बोरी अरबकडं असतात. फोनवर म्हणत होत्या, घरापुढच्या खोलीत गावच्या पोरींसाठी कम्प्युटर ठेवायचा विचार हाय. मी म्हटलं, मॅडम, वायरीचं काम दुसऱ्या कोणाले देऊ नका. म्हणे, तुले सुट्टी मिळते का? म्हटलं, नाही मिळाली तरी येतो. भिंतीले रंग लागायच्या आधी सांगा. बोर्ड, वायर, पंखा, सारं माह्या हातानं करून देईन, अन् ज्या दिवशी पयली पोरगी तिथं बसेल त्या दिवशी मी पायरीवर उभा असेन. एवढं मी तुमच्यासमोर बोलून ठेवतो.