दोन बोटांचं अंतर

माझी स्कूटर दुरुस्त होईपर्यंत मी गॅरेजच्या बाकावर बसले होते. शेजारी एक वयस्कर जोडपं होतं.

“आधीच त्या गाडीत बसताना गुडघे कुरकुरतात. त्यात ती आणखी खाली करून घेतलीत.”

“अगं, दीडच इंच.”

“काका, या. नवी चाकं चढली,” मेकॅनिक म्हणाला.

काकांनी चाक आणि पत्र्याच्या मधे बोटं घातली.

“आधी चार जायची. आता दोनच. वा.”

“अहो, दबा धरून बसलीय जणू. नजर हटत नाही हो,” काकूच म्हणाल्या.

“चाकांचा रंग?” काकांनी विचारलं.

“तांब्याचा, काका. तुम्ही सांगितलात तोच. मारा एक चक्कर.”

काकूंनी काकांचा दंड धरला.

“किल्ली हिला दे,” काका म्हणाले. “मला आता रस्ता दिसत नाही.”