मार्गारेटचा रूबार्ब क्रम्बल

आमच्या मंदारसमोर रूबार्बचं नाव काढू नका हं, लगेच लाजेने लाल होतो!

इथे लीड्सच्या युनिव्हर्सिटीत तो पॅनक्रियाटायटिसवरच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेवरच्या, पारंपरिक चिनी उपचारांचा डेटाबेस बनवतोय. शेजारच्या मार्गारेटचा नवरा ब्रायन नेमका त्याच आजाराने हॉस्पिटलमध्ये होता. सकाळी तिने कुंपणावरून विचारलं, "चिनी लोक ह्यावर काय देतात रे?"

माझ्या नवऱ्याला कुणीतरी कामाबद्दल विचारलं! त्याची कळीच खुलली. "पुष्कळ काढे आहेत. पण रूबार्ब बहुतेकांत असतोच!"

"अगंबाई, तो तर माझ्या बागेतच आहे!"

जेवताना त्याने मला हे कौतुकाने सांगितलं. मी म्हटलं, "औषधात चिनी रूबार्बची सुकवलेली मुळी असते, बागेतले आंबट देठ नाहीत, हे बोललास ना?"

त्याचा घास हातातच राहिला. खिडकीतून पाहिलं, तर मार्गारेटची गाडी नव्हती.

आम्ही वॉर्डात पोचलो, तेव्हा ती ब्रायनला भरवायला चमचा भरत होती. रूबार्ब क्रम्बल, म्हणजे त्या देठांवर पीठ-साखरेचा थर देऊन भाजलेलं गोड, त्यात भरपूर बटर, वर कस्टर्ड; ह्या आजारात नेमकं वर्ज्य!

मंदार दारातूनच ओरडला, "थांबा! मी डॉक्टर नाही, मी नुसती माहिती भरतो!"

नर्सने धावत येऊन तो बाउल उचलला. मार्गारेट हिरमुसली आणि नर्सच्या मागोमाग गेली. मंदार माफी मागायला लागला, तर ब्रायनने त्याचा हात घट्ट धरला.

"लग्नापासून दर रविवारी हा क्रम्बल मुकाट्याने खातोय मी," तो कुजबुजला. "मी बरा झालो तरी क्रम्बल बंदच, असं तिला सांगशील ना?"