उंदरायची पंगत

अबे, माह्या थीसिसचं तं विचारूच नका. यवतमाळच्या फार्मसी कॉलेजात मी भुईआवळ्याचा अर्क उंदरायवर तपासून राह्यलो होतो. बाराही उंदरायले लिव्हर बिघडवाची दवाई देल्ली. मंग पिवळ्या खुनेवाल्या सहायले अर्क, न बाकीच्या सहायले नुसतं पानी.

मधात मले चार दिवस आर्णीले जा लागलं. काम सोपवलं किसनभाऊवर. हा आमच्या लॅबचा शिपाई, भलता मायाळू मानूस. त्या साली कापसाले कोनी विचारत नव्हतं, तं यानं उंदरायच्या पिंजऱ्यात घरचा कापूस अंथरला होता.

वापस येऊन रक्त तपासलं, तं बाराही उंदीर ठणठणीत!

"किसनभाऊ, पान्यावाल्यायले काय पाजलं तुमी?"

"अर्कच पाजला. एका पंगतीत सहायले वाढाचं न सहायनं टुकूटुकू पाहाचं, हे आपल्याच्यानं नाही होत."

"अहो, मंग अर्कानंच वाचले हे दाखवू कसं? सहा तरी आजारी पाहिजे होते! बुडाला ना माहा प्रयोग!"

किसनभाऊ म्हने, "बाराच्या बारा बरे झाले, न तुमी डोक्याले हात लावून बसले. बरं झालं बाबू, तुमी डाक्टर नाही झाले!"