कासाराच्या विहिरीवरचं मध्यंतर

ऐका. जरा जवळ सरका, आणि ऐकताना मागे वळून बघू नका. मागे कोणी नाही. असलं तर मी सांगेन.

आपल्या जत्रेत हौसाबाईचा तंबू सिनेमा यायचा. एका वर्षी तिनं जपानी पिक्चर आणला. एका पिक्चरमध्ये चार गोष्टी, चारही भुतांच्या. आता जपानी कुणाला कळणार? त्यासाठी तिच्याकडे गजाबा होता. गळ्यात पत्र्याचा भोंगा अडकवून पडद्याशेजारी उभा राहायचा आणि चित्र हलेल तसं मराठीत सांगायचा. जपानी त्यालाही येत नव्हतं, पण ते त्यानं कुणाला जाणवू दिलं नाही. त्या पिक्चरला मध्यंतरही नव्हतं. गजाबा मनाला येईल तिथं ओरडायचा, ‘मध्यंतर’, की सगळा तंबू उठून भज्यांच्या गाडीकडे पळायचा.

तर एका रात्री तंबू भरला आणि रिळांचा टेम्पो नदीपलीकडे बंद पडला. गजाबा सायकल घेऊन निघाला.

‘डांबरीनं ये,’ हौसाबाई म्हणाली. ‘विहिरीच्या वाटेनं येशील तर बघ.’

‘उशीर झाला तर लोक कनात फाडतील, बाई.’

‘कनात शिवता येते. तुला कुठं शिवू?’

पण ऐकेल तो गजाबा कसला. रिळांचे डबे कॅरियरला बांधले आणि येताना वळला विहिरीच्या वाटेला. काळोख असा, की स्वतःचा हात दिसेना. विहीर जवळ आली आणि सायकल जड झाली. गजाबाला वाटलं चढ आहे. चढ कुठला, ती तर उताराची वाट. आणखी जड झाली. मग डब्यांवर कुणीतरी नीट बूड टेकल्याचा आवाज आला.

‘चल, गजाबा,’ मागून आवाज. ‘आणि सांगायला लाग.’

आवाज ओळखीचा. शिदू कासाराचा. बांगड्या विकायचा तो शिदू. तंबू शिवेबाहेर विहिरीपाशी लागायचा, तेव्हा एका मध्यंतरात भज्यांसाठी सगळ्यांच्या आधी पळाला, अंधारात विहिरीत पडला, आणि पिक्चर अर्धा राहिला तो राहिलाच. पेपरात छापून आलं, भूत वगैरे अफवा आहे. छापणारा विहिरीवर गेला होता का? गेला होता. भरदुपारी, जीपमधून, आणि शहाळं पिऊन परत.

गजाबा म्हणाला, ‘शिदूमामा, तंबूत येऊन बघा की.’

‘शीव ओलांडता येत नाही रे. इथंच सांग. थांबलास तर सायकल विहिरीत. आणि शेवट झाला की तू माझ्याबरोबर. मला रोज रात्री सांगणारा माणूस हवाय.’

बघा आता. थांबला तरी मेला, संपवलं तरी मेला.

गजाबानं सुरुवात केली. पहिली गोष्ट नावाड्याची, त्याच्या नावेत बसणाऱ्यांना वजनच नसतं. ‘आमच्यात उलटं असतं,’ शिदू म्हणाला, आणि पोत्याएवढा जड झाला. दुसरी छत्रीची, ती मालकाला सोडून एकटीच घरी चालत येते. शिदू हसला. हसला तसे त्याचे पाय लांब झाले, दोन्ही बाजूंनी धुळीत फरफटायला लागले. तिसरी शिंपिणीची. तिचा मेलेला नवरा रोज रात्री नव्या अंगरख्याचं माप द्यायला येतो. शिदू रडायलाच लागला.

‘आमच्या हिनं मला जुन्या धोतरात पाठवलं,’ म्हणाला, आणि त्याची आसवं गजाबाच्या मानेवर टपटपली. बर्फासारखी गार. गजाबाचा शब्द अडला. लगेच हँडल आपोआप विहिरीकडे वळलं.

‘सांगतो, सांगतो. चौथी सांगतो.’

चौथी देवळाची. आत माणूस नाही आणि घंटा वाजते. वाटसरू बर्फातून येतो. पायऱ्या चढतो. इकडे गजाबाला समोर ओढ्याची खळखळ ऐकू आली, ओढ्यापलीकडे शीव. घंटा वाजते. शिदूनं गजाबाच्या खांद्यावर हात ठेवला, खांदा बधिर झाला. वाटसरू दाराला हात लावतो. कडी काढतो. दार ढकलतो. आत...

गजाबानं भोंगा तोंडाला लावला आणि होता नव्हता तेवढा दम काढून ओरडला, ‘मध्यंतर!’

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. शिदूनं टुणकन उडी मारली आणि सगळ्यांच्या आधी भज्यांकडे पळाला. सायकल पिसासारखी हलकी. गजाबानं पायडल असं मारलं, असं मारलं, की ओढा, शीव आणि हौसाबाईच्या तंबूची दोरी, तिन्ही एका दमात ओलांडून तिच्या पायाशी आडवा झाला.

‘विहिरीच्या वाटेनं आलास ना?’ तिनं विचारलं.

‘रिळं आली की नाही ते बघा, बाई.’

पिक्चर झाला. पण त्या रात्रीपासून गजाबानं मध्यंतर कधी पुकारलं नाही. भजीवाला भांडला, गाडी दुसऱ्या तंबूपुढे नेली, तरी नाही. कारण एक मध्यंतर अजून चालूच आहे.

तेव्हा पोरांनो, डांबरीनं जा. लांब पडू दे. विहिरीच्या वाटेनं गेलात तर मागून कोणीतरी विचारेल, ‘सुरू झालं का?’ नाही म्हणालात तर तो तुमच्यापाशी वाट बघत बसेल. हो म्हणालात तर पुढचं तुम्हाला सांगावं लागेल. आणि दारामागे काय होतं, ते तुम्हाला कुठं ठाऊक आहे?