टायरची आतली बाजू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या औद्योगिक प्रशिक्षण केंद्राचे प्राचार्य आदरणीय नीळकंठराव, सोनाळ्याहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे रामरावजी, व्यासपीठावरील सहकारी, माझे आजी-माजी विद्यार्थी आणि पहिल्या रांगेतली माझी घरची मंडळी, आपणा सर्वांना मोटार विभागाच्या या हिंमतरावचा नमस्कार.

निवृत्त होणाऱ्यानं दोन गोड शब्द बोलावेत अन् खाली बसावं, अशी रीत आहे. मीही तेच पाठ करून आलो होतो. पण मघाशी मानपत्र वाचलं गेलं. ‘गुरुजींच्या हाताखालून गेलेली गाडी कधी वाकडी चालली नाही,’ असं त्यात आलं, अन् तुम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्याच्यानं मान वर करवली नाही. काऊन, ते सांगतो. अध्यक्षमहोदय, जेवणाले थोडा उशीर होईल, तेवढं सांभाळून घ्या.

बाहेर मांडवाजवळ माझी गाडी उभी आहे. कार्यक्रम झाला की मले तिच्यात बसवून वाजतगाजत घरी सोडायचं ठरलं आहे. आपल्या शिवणकाम विभागाच्या पुष्पांजली मॅडम तिले हार बांधत होत्या. पुढच्या चाकात दोरी ओवायले त्यांनी हात आत घातला, अन् बोटात काहीतरी रुतलं. कार्यक्रम सुरू व्हायच्या थोडं आधी त्या माझ्याजवळ आल्या, रुमाल गुंडाळलेलं बोट दाखवलं अन् हळूच म्हणाल्या, “सर, सुया टोचायची मले सवय आहे, पण टायरमंदी सुई काऊन असते हो?”

मी गाडीजवळ गेलो, खाली बसून चाकाच्या आत हात फिरवला. बाहेरून पाहाल तर त्या टायरची नक्षी नव्यासारखी. आतल्या कडेचं रबर पार गेलेलं, तारा उघड्या पडलेल्या. दुसरं पुढचं चाक पाहिलं, तेही तसंच. मॅडम, तुमच्या बोटाची मी सर्वांसमक्ष माफी मागतो. धनुर्वाताचं इंजेक्शन न घेताच तुम्ही इथं बसल्या आहात, हे मात्र बरोबर नाही.

माझे विद्यार्थी आता एकमेकांकडे पाहत असतील. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली की चाकं वरून आत कलतात, सगळा भार आतल्या कडेवर येतो. म्हणून लगेच अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कल नीट करून घ्यायचा, अन् टायर नुसत्या डोळ्यानं न पाहता आतून हात फिरवून तपासायचा. हे या केंद्रात कोण शिकवते? मीच शिकवतो. हात काळा न करता जो ‘टायर बरोबर आहे, सर’ म्हणाला, त्याले मी उन्हात उभं केलं आहे. समोर अविनाश बसला आहे, त्याले विचारा.

माझ्या मुलानं, गंधारनं, उन्हाळ्यात ही गाडी खाली बसवून आणली. आमचं बापलेकाचं तसं जमत नसे. “बाबा, तुम्ही जेवतानाही क्लास घेता,” असं तो म्हणायचा, अन् ते खरंच होतं. त्या दिवशी मात्र त्यानं अंगणातून हाक मारली, “बाबा, पाहा बरं, कशी दिसून राह्यली?” लय दिवसांनी पोरानं मले काही विचारलं होतं. ‘अलाइनमेंट केली का?’ हे अगदी ओठावर आलं होतं. ते गिळलं अन् म्हटलं, “झकास!” पोरगा हसला. त्या हसण्यापायी मी पुढंही कधी विषय काढला नाही. गावातली पोरं म्हणू लागली, “गुरुजीची गाडी पाह्य बे, जमिनीले टेकली!” खोटं कशाले बोलू, मलेही ते गोड लागलं. दसऱ्याले त्याच चाकांची मी पूजा केली, हळदकुंकू वाहिलं. पण हळदकुंकू आपण बाहेरूनच वाहतो ना?

आज सकाळी त्याच टायरांवर माझी सून श्रद्धा तान्ह्या नातवाले मांडीवर घेऊन गंधारसोबत अकोल्याहून आली. “रस्त्यानं गाढ झोपला होता,” असं ती कौतुकानं सांगत होती. मंडळी, मले माझी लाज वाटते.

तेव्हा गाडी कोणी हलवायची नाही. हार काढा, तिले जॅकवर घ्या, अन् प्रत्येक विद्यार्थ्यानं आत हात फिरवून जावं. हातमोजे घालून. आम्ही सगळे एसटीनं जाऊ. गंधार, मान खाली घालू नको बेटा, चावी इथं आणून दे.

काय म्हणतो? मोठ्यानं बोल, मागं ऐकू जात नाही.

बरं, मीच सांगतो. तो म्हणून राह्यला, “बाबा, दुकानवाला अलाइनमेंट करून घे म्हणत होता. पण तुम्ही झकास म्हटलं, म्हणून मले वाटलं, गरज नसंल.”

ऐकलं ना? अन् मी समजत होतो, पोरगं माझं ऐकत नाही.

आता जास्त बोलवत नाही. एवढा मान दिला, आपले सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते पोटात घाला. टायरचं मात्र घालू नका.