सगुणेचं बोट

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातच द्या — शेजारी बायको बसलीय! लेकराची काळजी वाहणं ही माया, की देवावरचा अविश्वास? हसताय? अहो, भल्याभल्यांना हे सुटलेलं नाही! म्हणून ऐका सगुणेची गोष्ट.

पिंपळदरी नावाचं गाव. तिथं गेनू विणकर आणि त्याची बायको सगुणा. घरात दिवसभर मागाची खटखट, पण पाळणा रिकामा. दोनदा भरला — आणि दोनदा रिकामा झाला! दोन्ही लेकरं महिन्याच्या आत, झोपेतच गेली. आईनं पाजायला उचलावं, तर अंग गार! 

तिसऱ्या खेपेला मुलगी झाली. सगुणेनं पाळण्याशेजारी बसकण मारली आणि उजव्या हाताचं बोट पोरीच्या नाकापाशी धरलं. श्वास लागतोय? लागतोय! आता? लागतोय! जेवण डाव्या हातानं.

गेनू म्हणाला, "अगं, जरा पाठ टेक. मी बघतो."

"तुम्ही? मागावर बसलात की जग विसरता! माझं बोट निघालं की हिचा श्वास थांबेल."

असे नऊ दिवस! डोळे खोल गेले आणि — दूध आटलं. पोर भुकेनं किरकिरू लागली. मग किरकिरही बारीक होत चालली. बघा मंडळी! जिला जगवायला आई जागत होती, ती आईच्या जागण्यानंच सुकायला लागली!

गेनू घाबरला. धावत जाऊन ठकूआजीला घेऊन आला. ही गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. तिनं पोरीला उलटसुलट पाहिलं.

"पोर धडधाकट आहे, नुसती उपाशी आहे. औषध तुला पाहिजे, सगुणे. झोप."

"आजी, मी झोपले आणि..."

"त्या दोघांच्या वेळी तू झोपलीस, म्हणून ती गेली — असंच ना?"

 हे सगुणेला आजवर कुणी विचारलंच नव्हतं! हमसून हमसून रडली. आजीनं पोटाशी धरलं. "नाही गं बाळे. तुझा काही दोष नव्हता. ही बघ, मी बोट धरून बसते."

शेजारच्या पारूचं लेकरू अंगावर होतं. तिनं पोरीला पोटभर पाजलं. आणि सगुणा आडवी झाली — जी झोपली, ती दुपार कलल्यावरच जागी झाली! दचकून उठली. काय बघते?

ठकूआजी भिंतीला टेकून घोरतेय! तोंड उघडं, हात मांडीवर! गेनू तिकडं मागावर!

सगुणा पाळण्यावर झेपावली — आणि थबकली. पोर शांत झोपलेली. इवलीशी छाती वर... खाली... वर... खाली. कुणाचं बोट नाही, कुणाची नजर नाही! तिनं हात जोडले.

"देवा, मी झोपले, आजी झोपली... तू कधीपासून बसलायस इथं?"

आणि मंडळी, उभ्या उभ्या तिची चोळी भिजली. पान्हा फुटला!

कुणी म्हणेल, "बुवा, त्या दोघांच्या वेळी देव कुठं होता?" मला माहीत नाही! या कीर्तनाच्या गादीवर उभं राहून खोटं कशाला बोलू? पण सगुणेला एवढं कळलं — श्वास तिच्या बोटावर कधीच चालत नव्हता.

भीती गेली का? छे! पोर लग्नाची झाली तरी सगुणा भीतच होती. पण भीत भीत जेवली, भीत भीत झोपली, पोर भीत भीत अंगणात सोडली. माउली, यालाच मी भक्ती म्हणतो!

आणि तुम्ही? त्या खांबापाशी बसलेल्या ताई — कीर्तन सुरू झाल्यापासून घरी तीनदा फोन झाला! करा, चौथाही करा, मी रागावत नाही. पण नंतर तो फोन खाली ठेवा आणि पुढच्या रांगेत बघा. ते लेकरू आईच्या मांडीवर झोपलंय. आपण एवढे टाळ कुटले, मृदंग बडवला, मी घसा फोडला — त्याची पापणी हलली नाही! कुणाच्या भरवशावर झोपलंय ते?

टाळ थांबवा... सगळे गप्प बसा. त्याचा श्वास ऐका.